अक्का हयात आहेत

आमच्या आणि अक्कांच्या परसात म्हणायला तारेचं कुंपण आहे. शेवगा त्यांचा, पण निम्म्या शेंगा आमच्या बाजूला लोंबतात. कढीपत्ता आमचा, पण त्याची फोडणी आधी त्यांच्या घरी पडते. मधली एक तार त्यांच्या नातवाने पतंग काढताना वाकवली, ती कोणी सरळ केली नाही. त्या फटीतून वाटीभर आमटी, आमचं मांजर आणि अख्ख्या आळीची खबर ये-जा करते. साडेसातला नळ येतो, आठला जातो. आठ ते साडेआठ ही आमची बैठक. बसत कोणीच नाही, दोघी उभ्याच, पण बैठकच.

त्या दिवशी अक्का पासबुक घेऊनच कुंपणाशी आल्या. पदराखालून काढून फटीतून माझ्यापुढे धरलं.

"बाई, ह्ये बघा जरा. मी मेली का काय?"

चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चष्मा पुसला, पासबुक बघितलं. अक्कांचे मालक एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर अक्कांना केंद्राच्या ईपीएस-95 योजनेची विधवा पेन्शन लागली. पेन्शन कसली, गॅसची टाकी आणि गोळ्या-औषधं यांच्यात वाटून संपणारी रक्कम. पण महिन्याच्या महिन्याला यायची. तीन महिने तिचा पत्ता नव्हता.

"हयातीचा दाखला दिला होता का?"

"दिला की! मोबाईलला तोंड दावलं. नातवानं केलं सगळं. हिरवं झालं, म्हनाला, आज्जे तू पास."

हे 'तोंड दावणं' मी स्वतः पाहिलं होतं, कारण ते याच शेवग्याखाली झालं होतं. पूर्वी अंगठा लावायचे. अक्कांचा अंगठा कुठलं यंत्र घेणार? जन्मभर भांगलण, राखेने भांडी, हळदीच्या दिवसांत हळद. बोटांवरच्या रेघा कधीच झिजून गेल्या. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा चौथ्या खेपेला कसाबसा लागतो, तोही आधी डोक्याच्या तेलात बोट फिरवून. म्हणून 2021 च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून दाखल्याची सोय आली, तेव्हा मीच म्हटलं होतं, अक्का, सुटलात.

नातवाने एक ॲप घेतलं, मग त्याला मदत करणारं दुसरं. अक्कांना पायरीवर बसवलं. पडद्यावर गोल. त्या गोलात तोंड आणायचं. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, फोटो काढायला जातात तशा. फोन म्हणाला, उजेड कमी आहे. पायरीवरून अंगणात. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. आता अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, डोळ्यात थेंब घालायचे चालू. एक डोळा मिचकावला की दुसरा आपोआप मिटून राहायचा. शेजारच्या पोरी कुंपणाला लागून हसतायत, अक्का चिडून म्हणतायत, "ह्या वयात मला डोळं मारायला लावतंया मेलं!"

मिचकवायला का सांगतात, ते मी त्यांना समजावलं होतं. कोणी मेलेल्या माणसाचा फोटो फोनपुढे धरून पेन्शन खाऊ नये म्हणून. फोटोला डोळे मिचकावता येत नाहीत.

"फोटोला येत न्हाई, तसं मलाबी येत न्हाई," अक्का म्हणाल्या. तरी तिसऱ्या खेपेला शेवग्याच्या विरळ सावलीत गोल हिरवा झाला आणि टाळ्या पडल्या.

म्हणजे चेहरा जुळला होता. ते यंत्र तुमच्या-माझ्यासारखं माणूस ओळखत नाही. चेहऱ्याची मापं घेतं, त्यांचे आकडे करतं आणि आधारच्या फोटोच्या आकड्यांशी ताडून बघतं. अक्कांचा आधारचा फोटो बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा दात होते, गाल होते, मालक होते. आता त्यातलं काही नाही. तरी जुळलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं. इतपत सारखेपणा म्हणजे पास, त्याखाली नापास, अशी एक रेघ असते तिथे. पस्तीस मार्कांची रेघ मी आयुष्यभर सांभाळली, म्हणून मला ठाऊक आहे: रेघ कागदावर छापलेली असली तरी ती ओढतो कोणीतरी माणूसच. चौतीसवाल्याला मी एक मार्क कृपेचा द्यायची. यंत्राला कृपेची मुभा कोणी दिली आहे का, ते विचारायला मला माणूस सापडलेला नाही.

पण अक्कांच्या बाबतीत यंत्र बिचारं निर्दोष होतं, हे पुढे कळलं. आधी अक्कांचा बँकेतला किस्सा.

"तीन डाव गेले. चाळीस रुपये जायाचे, चाळीस यायाचे. काचंमागची पोरगी म्हनती, सिस्टीममध्ये दिसत नाही. म्हनलं, पोरी, मी दिसतीया का न्हाई तुला? तर म्हनती, आजी, तुम्ही दिसताय, पण सिस्टीममध्ये दिसत नाही."

मला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं. पूर्वी याच कामाला अक्का जायच्या तेव्हा एक साहेब असायचे. ते रजिस्टर काढायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "काय अक्का, आहात ना अजून?" अक्का म्हणायच्या, "हाय की, तुमच्या आशीर्वादानं." अंगठा, शिक्का, झालं. तो कारभार काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. हयातीच्या दाखल्यासाठी चहापाणी मागणारे मी पाहिलेत, म्हाताऱ्या माणसांना उन्हात तिष्ठत ठेवणारे पाहिलेत.

"त्यो शिपाई धा रुपये घ्यायचा," अक्का म्हणाल्या. "पर त्याला शिवी तर देता यायची!"

अक्का चौथी शिकल्यात. या विषयावर मी बरंच वाचलं, पण इतकं नेमकं कोणी बोललेलं मला आढळलं नाही. पूर्वी नकार देणाऱ्याला तोंड होतं. आता नकार येतो, पण तो कोणी दिला, हे कळत नाही. खिडकीवरची पोरगी म्हणते वरून आलंय, वरचा म्हणतो सॉफ्टवेअर करतं, सॉफ्टवेअरवाला म्हणतो आम्हाला जशी माहिती दिली तसं ते करतं. शिवी द्यायची कोणाला?

तेवढ्यात समोरून अंगणवाडीच्या ताई चालल्या होत्या. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात मोबाईल, खांद्याला पिशवी. त्यांना कुंपणाशी थांबवणं हा आमचा नियमच आहे.

"ताई, अक्का मेल्यात," मी म्हटलं.

"आमच्याकडं तर निम्मी बाळं मेलीत," ताई फाटकाला टेकल्या. "म्हणजे तोंड जुळत नाही हो. काय सांगू!"

आणि त्यांनी सांगितलं. घरी न्यायचा पोषण आहार, म्हणजे गरोदर बाया, स्तनदा माता आणि तीन वर्षांखालच्या पोरांसाठीची पाकिटं, ती आता चेहरा जुळवल्याशिवाय द्यायची नाहीत. 1 जुलै 2025 पासून दिल्लीचा तसा नियम आहे. आधी आधारचं केवायसी, त्याला ओटीपी, मग दर महिन्याला आईचा चेहरा मोबाईलपुढे. हेतू वाईट नाही. पाकिटं मधल्यामध्ये गुरांच्या दावणीला जात, खोट्या नावांवर उचलली जात, ही काही कुभांडं नव्हेत. पण ताईंचा मोबाईल चार वर्षांचा, रेंज फक्त मारुतीच्या देवळाच्या पारावर. म्हणून त्या सगळ्या बायांना पारावर नेतात. मारुतीरायाच्या साक्षीने तोंडं जुळवतात.

"पहिलटकरणीचं तर विचारूच नका. नाव सासरच्या अंगणवाडीत, पोरगी बाळंतपणाला माहेरी. आता तिनं तोंड कुठं दाखवायचं? नवव्या महिन्यात चेहरा सुजलेला. केवायसीला ओटीपी येणार नवऱ्याच्या फोनवर, नवरा पुण्याला कंपनीत, सेकंड शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मी इथं पाकीट घेऊन उभी, ती तिथं पोट धरून उभी. दहा मिनिटांत ओटीपी शिळा होतो. परत पहिल्यापासून."

"मग काय करता?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "काय करणार? माझ्या घरातला किलोभर हरभरा दिला एकीला. ते रजिस्टरला नाही लिहीत."

अक्का म्हणाल्या, "ह्ये त्या मोबाईलला शिकवा."

ताई हसल्या, पण मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या की, बाया आता माझ्यावर चिडतात. "ताई, तुम्ही मला वर्षं झाली ओळखता, माझ्या लग्नात जेवलात, आणि मला म्हणता जुळत नाही?" यात ताईंची चूक काय? त्यांना ती बाई दिसते आहे, बाईचं पोट दिसतं आहे. पण त्यांच्या डोळ्यांना आता साक्षीपुरतीही किंमत राहिलेली नाही. ज्या बाईला अख्खं गाव तोंडपाठ आहे, तिच्या हातात गाव ओळखायला फोन दिला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग तपासायचंच नाही का? अक्काही तेच म्हणाल्या, आणि त्यांनी लाडक्या बहिणीचा दाखला दिला. महिन्याला दीड हजारांची ही योजना जुलै 2024 पासूनची. पुढच्याच वर्षी छाननीत निघालं की चौदा हजारांहून अधिक पुरुष बहिणी होऊन बसले होते.

"आपल्यातबी असत्याल," अक्का म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या घराकडे त्यांनी भुवई उडवली. ते घर कोणाचं, हे मी सांगणार नाही. दारात बुलेट आहे, एवढंच.

तेव्हा ताळा घ्यायलाच हवा. वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून बघणं हे काम माणसांनी करायचं तर जन्म जाईल, यंत्र रात्रीत करतं. पण यादीतून नाव काढण्याआधी एकदा त्या घरी जाऊन यावं, एवढंच माझं म्हणणं. ते न केल्याने काय होतं, याच्या दोन गोष्टी मी दोघींना सांगितल्या. पेपर वाचायची सवय शाळेतली. ऐकायला हक्काची माणसं मिळाली की राहवत नाही.

पहिली तेलंगणातली. तिथे सरकारने समग्र वेदिका नावाची एक प्रणाली उभी केली. वाहनांच्या नोंदी, मालमत्ता, कर, वीज, अशा कित्येक खात्यांची माहिती तिच्यात एकत्र ओततात आणि नावं-पत्ते जुळवून ती सांगते, हा माणूस गरीब आहे, हा नाही. तिथे एका बाईचं रेशन नाकारलं गेलं, कारण तिच्या नवऱ्याच्या नावावर मोटार आहे, असं प्रणाली म्हणाली. नवरा जन्मभर रिक्षा ओढायचा. मोटार होती ती त्याच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या कोणाची.

"आगं आई," ताई म्हणाल्या. "आपल्याकडं एका गावात चार-चार शिवाजी पवार असतात."

तेच तर. नाव जुळणं म्हणजे माणूस जुळणं नव्हे, हे हजेरीपट घेणाऱ्या कोणत्याही मास्तराने सांगितलं असतं. माझ्या एका वर्गात तीन मनीषा जाधव होत्या. मी त्यांना घराण्यावरून नाही, तर वेणीवरून ओळखायची. तेलंगणात अशी सुमारे 19 लाख रेशनकार्डं घरी जाऊन न तपासता रद्द झाली होती. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2022 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सांगितलं, ही कार्डं प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासा. म्हणजे जे काम आधी करायचं, ते न्यायालयाने नंतर करायला लावलं. मधल्या वर्षांतलं धान्य कोणी परत मोजून दिलं असेल, असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट हरियाणातली, आणि ती अक्कांना फार आवडली. तिथे 2022 मध्ये 102 वर्षांचे एक आजोबा सरकारी नोंदीत मयत ठरले. म्हातारपणाची पेन्शन बंद. अर्ज-विनंत्या झाल्या, कोणी ऐकेना. मग आजोबांनी रोहतक शहरात चक्क वरात काढली. नवरदेवासारखे रथात बसले, गळ्यात नोटांची माळ, पुढे बँड, मागे पाहुणेरावळे, आणि हातात फलक: तुमचा फुफा जिवंत आहे. फुफा म्हणजे आत्याचा नवरा.

अक्कांनी पदराने तोंड दाबलं. हसून हसून डोळ्यांत पाणी, आणि त्या डोळ्यांत तर थेंब घातलेले. "मग आली का पेन्शन?"

"आली. वरातीनंतर आली."

"बाई, आपनबी काढू या. बँड न्हाई परवडनार, हलगी सांगू."

हे आजोबा एकटे नव्हते. त्या राज्यात परिवार पहचान पत्र नावाची कुटुंबाची नोंद आहे, तिच्या माहितीवरून सरकार कोणाला काय द्यायचं ते ठरवतं. 2023 मध्ये तिथल्या विधानसभेत सरकारनेच आकडे दिले: तीन वर्षांत 63,353 जणांची म्हातारपणाची पेन्शन या नोंदीवरून थांबवली, आणि त्यांतले 44,050 नंतर पात्र निघाले. शंभरातले जवळजवळ सत्तर! माझ्या वर्गात शंभर पोरं नापास केली आणि फेरतपासणीत सत्तर पास निघाली, तर शिक्षणाधिकाऱ्यांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

कोणाला वाटेल, हे आपल्याकडेच. माझा भाचा हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला असतो. रविवारी व्हिडिओवर दिसतो, मागे सायकली. तिथे आता मराठी मंडळींचा गणपतीही बसतो. तो म्हणाला, मावशी, इथं तर याच पायी सरकार गेलं. खरंच गेलं, 2021 च्या जानेवारीत. पोरं पाळणाघरात ठेवणाऱ्या आईबापांना तिथे भत्ता मिळतो. कोण फसवत असेल याचा अंदाज बांधायला कर खात्याने यंत्र लावलं, आणि ज्यांचं नागरिकत्व डच नाही त्यांच्याकडे ते यंत्र जास्त संशयाने बघायचं. 26 हजारांहून जास्त आईबापांवर लबाडीचा ठपका आला, घेतलेले हजारो युरो परत करा म्हणून तगादे लागले. घरं मोडली, काहींची मुलंही ताब्यातून गेली. सगळं उघडं पडल्यावर अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

"राजीनामा दिला?" अक्कांचा विश्वास बसेना. "ह्यासाठी?"

ताई म्हणाल्या, "हॉलंडला अंगणवाडी असते का हो?" आणि पारावर बाया थांबल्यात म्हणून निघून गेल्या.

सगळंच काळं आहे असं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं होईल. आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा पाच वर्षं अंथरुणावर आहेत. पूर्वी वर्षातून एकदा त्यांना खाटेसकट टेम्पोत घालून बँकेच्या दारात न्यायचे. साहेब बाहेर येऊन बघून जायचे. शेवटच्या वर्षी पाऊस होता, आजोबा ताडपत्रीखाली. आता मुलगा पुण्याहून शनिवारी येतो, उशाशी बसून फोन धरतो, दोन मिनिटांत काम. आजोबांना तर कळतही नाही. त्या घरात कोणी यंत्राला नावं ठेवणार नाही. आणि अक्कांचे धाकटे दीर, ज्यांना अर्ज म्हटलं की घाम फुटतो, ते शेतकरी सन्मान निधीचा हप्ता कुठे अडकला ते किसान ई-मित्र नावाच्या बोलक्या मदतनिसाला मराठीत विचारतात. तो मराठीत उत्तर देतो, न चिडता. दिरांना याचंच नवल. "सरकारातलं कोणतरी माझ्यावर खेकसलं नाही, पहिल्यांदाच," म्हणाले.

आता अक्कांच्या पेन्शनचं.

मी त्यांना म्हटलं, तुमचा फोन आणा. अक्कांचा फोन बटणांचा, पाठीला रबर लावलेला. त्यात मेसेज उघडले तर दोनशेच्या वर. कर्ज घ्या, जमीन घ्या, रमी खेळा, वजन कमी करा. (अक्कांचं वजन अडतीस किलो.) सगळे इंग्रजीत. एक एक खाली सारत गेले. आमचं मांजर तारेवर बसून बघत होतं. आणि त्या कचऱ्यात दोन ओळी सापडल्या: तुमचा हयातीचा दाखला नाकारण्यात आला आहे. तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची. कारण इंग्रजीत, आखूड, एवढंच की पेन्शनचा नंबर जुळत नाही.

नातवाला हाक मारली. पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर कुठून घातला होता? तो म्हणाला, आजोबांच्या डायरीतून. डायरी आणली. आजोबांचं अक्षर एसटीच्या सीटवर बसून लिहिल्यासारखं, एक म्हणजे सात, सात म्हणजे एक. नातवाने सातच्या जागी एक घातला होता.

झालं! चेहरा जुळला, डोळे मिचकावले, यंत्र खूश झालं, आणि सगळं एका सातावर अडलं. चूक माणसाचीच, आणि घरच्याच माणसाची. माझी तक्रार वेगळीच आहे. साडेतीन महिने ही गोष्ट यंत्राला ठाऊक होती. बँकेच्या खिडकीत अक्का तीनदा उभ्या राहिल्या, तरी ती कोणी त्यांना सांगितली नाही. पंचाहत्तरीच्या बाईला तिची पेन्शन थांबल्याचं कळवलं कुठे, तर रमीच्या जाहिरातीच्या खाली, तिला न येणाऱ्या भाषेत. गावात कोणी गेलं तर सांगायला माणूस पाठवतात. अक्का कागदावर गेल्या, तर त्यांनाच सुतक कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. काचेमागची पोरगी चांगली होती हो, मान खाली घालून काम करणारी. मी तिला मेसेज दाखवला. ती म्हणाली, "अय्या, हे आम्हाला इथं दिसतच नाही." तिच्या पडद्यावर फक्त 'नाही' दिसत होतं, 'का नाही' दिसत नव्हतं. नवा दाखला करा म्हणाली. आम्ही बाहेर वडाखाली बाकावर बसलो, मी फोन धरला, सात म्हणजे सात घातला. अक्कांनी या खेपेला दोन्ही डोळे झकास मिचकावले. महिनाभर घरी सराव केला होता म्हणे, आरशासमोर.

एक माहिती सांगते, शाळेची खोड आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, आणि द्यायची नसेल तर कारण लेखी कळवायचं, अपील कुठे करायचं तेही सांगायचं, असं त्यात आहे. अक्कांची पेन्शन केंद्राकडची, म्हणून तिथे मला तो काढता आला नाही. पण तहसीलच्या दाखल्यांना वगैरे तो लागतो. 'सिस्टीम घेत नाही' हे त्या कायद्यात बसणारं कारण नव्हे. खिडकीवर शांतपणे म्हणावं, "बरं, मग हेच लिहून सही करून द्या." मी एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी म्हणून पाहिलं आहे. सिस्टीमने पंधरा मिनिटांत घेतलं.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पेन्शन आली, मागच्या महिन्यांची थकबाकी धरून. अक्कांनी पासबुक छापून आणलं, फटीतून दाखवलं आणि बरोबर शेंगांची जुडी दिली. मी म्हटलं, या तर आमच्याच बाजूच्या.

"असूं दे," त्या म्हणाल्या. "जिवंत मान्सानं दिल्यात म्हनून खावा."

वाचणाऱ्यांना एकच सांगणं. तुमच्या शेजारी एकटी राहणारी अशी कोणी अक्का असेल, तर आज तिचा फोन मागून घ्या आणि त्यातले मेसेज खालपर्यंत वाचून दाखवा. आणि पेन्शनच्या कागदावरचा नंबर ठळक अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. एक आणि सात नीट काढा.